माना छावणी आणि तात्पुरता आश्रय

रायपूर शहराच्या विमानतळालगत असलेली माना कॅम्प ही वस्ती आज छत्तीसगडमधील एक नगर पंचायत आहे. नावातील 'कॅम्प' हा शब्द मात्र कायम राहिला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी सुमारे सहा दशकांपूर्वी येथे छावणी उभारण्यात आली. संकटग्रस्त देशातून आलेल्या माणसाला किती काळ आणि कोणत्या हक्काने राहू द्यायचे, या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरे या एकाच ठिकाणी दिली गेली.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही, तसेच निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. अमेरिकेने १९९० मध्ये तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद कायद्यात केली. युरोपीय संघाने २००१ मध्ये तसा निर्देश काढला आणि ४ मार्च २०२२ रोजी, युक्रेनमधील युद्धानंतर, तो प्रथमच अमलात आणला. भारतात हे काम प्रामुख्याने सरकारी आदेश आणि अधिसूचना यांच्याद्वारे चालत आले आहे. अशा आदेशांत एखादी तारीख निर्णायक ठरते.

१९६४ चे विस्थापित

डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र अवशेष नाहीसा झाला. त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात उमटले आणि जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका आदी भागांत दंगली झाल्या. हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने सीमा ओलांडू लागली. १ जानेवारी १९६४ ते २५ मार्च १९७१ या काळात आलेल्यांना सरकारने 'नवे विस्थापित' मानले. पश्चिम बंगालबाहेर वसण्याची तयारी असेल तरच त्यांना पुनर्वसनाचे साहाय्य मिळणार होते.

त्यासाठी दंडकारण्य प्रकल्प होता. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या दंडकारण्य विकास प्राधिकरणाकडे तत्कालीन मध्य प्रदेशातील बस्तर आणि ओडिशातील कोरापुट, कालाहंडी या भागांत जमीन तयार करून देण्याचे काम सोपवले होते. माना हा त्या प्रवासातील थांबा. जमीन तयार होईपर्यंत शिधा आणि रोख मदत घेऊन येथे थांबायचे, मग पारलकोट, मलकानगिरी किंवा उमरकोटकडे जायचे, अशी योजना होती. पुढे महाराष्ट्रात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतही बंगाली वसाहती झाल्या.

प्रत्यक्षात जंगल तोडून जमीन कसण्यायोग्य करण्याचा वेग आणि गाड्या भरून येणाऱ्या माणसांचा वेग यांचा मेळ कधीच बसला नाही. थांबा लांबत गेला. ज्या घरात कमावता पुरुष नव्हता त्या विधवा, वृद्ध आणि अपंगांसाठी सरकारी परिभाषेत 'कायमची जबाबदारी' असा वर्ग होता. तात्पुरत्या छावणीच्या कागदपत्रांत 'कायमची' हा शब्द यावा, यातच त्या व्यवस्थेची अडचण दिसते. भातशेती आणि नद्यांच्या प्रदेशातून आलेल्यांना बस्तरची कोरडवाहू माळजमीन मानवली नाही. जेथे या वसाहती झाल्या तेथील आदिवासींची संमती कोणी घेतली नव्हती, हेही विसरता येत नाही. १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो कुटुंबे पश्चिम बंगालकडे परत निघाली. त्यांपैकी अनेक जण सुंदरबनातील मरीचझापी बेटावर पोहोचले; तेथून मे १९७९ मध्ये त्यांना बळाने हटवण्यात आले.

१९७१ चे पाहुणे

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली आणि वर्षअखेरीपर्यंत भारतात आलेल्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. सीमेवरील राज्यांवरचा ताण कमी करण्यासाठी काही लोकांना देशाच्या अंतर्भागात हलवण्यात आले. मध्य प्रदेशातील छावण्यांत सुमारे २ लाख १९ हजार माणसे होती. माना हे त्यांतील प्रमुख केंद्र होते.

या वेळी सरकारची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. आलेल्यांना अन्न, निवारा आणि औषधोपचार मिळेल, पण जमीन मिळणार नाही. परिस्थिती निवळताच त्यांनी परत जायचे आहे. सरकारने त्यांच्यासाठी 'रेफ्यूजी' ऐवजी 'इव्हॅक्युई', म्हणजे संकटापुरते हलवलेले, हा शब्द वापरला. त्यामुळे मानामध्ये चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. एकाच जिल्ह्यातून, एकाच भीतीने आलेल्या दोन कुटुंबांपैकी आधी आलेले पुनर्वसनास पात्र होते. नंतर आलेले पाहुणे होते.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे पाकिस्तानी फौजांनी शरणागती पत्करली आणि परतीचा ओघ लगेच सुरू झाला. प्रवासासाठी अन्न आणि दोन आठवड्यांचा शिधा देण्यात येत असे. फेब्रुवारी १९७२ अखेर नव्वद लाखांहून अधिक लोक परतले. एवढ्या मोठ्या संख्येने आणि एवढ्या लवकर निर्वासित परत गेल्याची उदाहरणे जगात क्वचितच सापडतात. पण याचे श्रेय केवळ छावणीच्या शिस्तीला देता येणार नाही. ज्या राजवटीच्या भीतीने लोक पळाले होते, ती राजवटच संपली होती. १९६४ च्या विस्थापितांच्या वाट्याला असे काही आले नाही.

दीर्घ मुदतीचा व्हिसा

रायपूरमध्ये हा प्रश्न आज वेगळ्या रूपात आहे. येथील शदाणी दरबार ही सिंधी समाजाची संस्था असून तिचे मूळ पीठ पाकिस्तानातील सिंध प्रांतात हयात पिताफी येथे आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या नातेसंबंधांमुळे पाकिस्तानातील हिंदू रायपूरला येत राहिले. अल्प मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांपैकी काहींनी दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केले. या व्हिसावर खासगी नोकरी किंवा व्यवसाय करता येतो, मुलांना शाळा-महाविद्यालयात घालता येते आणि २०१६ च्या सवलतींनंतर बँक खाते, पॅन कार्ड व वाहन परवानाही मिळतो. मतदानाचा हक्क मात्र मिळत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. त्यांत छत्तीसगडमधील रायपूर, तर महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. २०२१ मध्ये दुर्ग आणि बलौदाबाजार यांचीही भर पडली.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी वास्तव्याची अट पाच वर्षांवर आणली. मुस्लिमांना आणि श्रीलंकेतील तमिळांना यातून वगळल्यामुळे कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. मुदत संपलेली कागदपत्रेही त्यांत ग्राह्य धरण्यात आली.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले, पण हिंदूंना आधीच मिळालेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे सरकारने स्पष्ट केले. १ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने या तीन देशांतून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या त्याच सहा समुदायांच्या व्यक्तींना पारपत्र व व्हिसाच्या अटीतून सूट दिली. नागरिकत्वाची २०१४ ची तारीख या आदेशाने बदललेली नाही. या दोन तारखांच्या दरम्यान आलेल्यांना देशात राहता येते. सवलतीच्या नागरिकत्वासाठी मात्र त्यांना अर्ज करता येत नाही.