गाव न सोडलेला गीतकार

आमच्या टेंभुर्णीहून भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याच्या डोंगराकडे गेलं की पळसखेडे येतं. ना. धों. महानोरांचं गाव. जमीन आपल्यासारखीच, पाऊसही तसाच बेभरवशाचा. १६ सप्टेंबर १९४२ ला त्यांचा जन्म तिथला. जळगावचं कॉलेज अर्धवट सोडून ते शेतीला लागले. १९६७ साली 'रानातल्या कविता' हा संग्रह आला आणि शहरातली वाचक मंडळी चकित झाली.

गीतकाराचा धंदा म्हणजे खरं तर स्टुडिओच्या जवळ राहायचा धंदा. गदिमा माणदेशातून कोल्हापूरला आणि पुढे पुण्याला गेले, दीडशेहून जास्त मराठी चित्रपटांसाठी त्यांनी लिहिलं. तिकडे अमेरिकेतही तेच. जॉनी मर्सर सव्हाना गाव सोडून न्यूयॉर्कला आणि तिथून हॉलिवूडला गेला. चार ऑस्कर मिळाले त्याला. १९६१ च्या 'मून रिव्हर' गाण्यात मात्र लहानपणीची सव्हाना डोकावतेच, आणि तिथल्या एका खाडीला पुढे त्या गाण्याचंच नाव दिलं गेलं!

महानोर मात्र गेलेच नाहीत. 'जैत रे जैत' (१९७७) ची गाणी लिहिली ती याच शेतकऱ्याने. कादंबरी गोनीदांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोष्ट कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची. म्हणजे कोकणातलं जंगल, धो धो पाऊस, मधाची पोळी... मराठवाड्यातल्या कोरडवाहू माणसाला हे जमलं कसं? मला वाटतं, पावसाची वाट ज्याने वर्षानुवर्षं पाहिली, त्यालाच पावसाचं गाणं असं लिहिता येतं. पुढे 'सर्जा' (१९८७) आला. 'एक होता विदूषक' (१९९२) मध्ये तर त्यांनी आनंद मोडकांच्या संगीतासाठी तमाशातल्या लावण्याही लिहिल्या.

गदिमांच्या यादीपुढे महानोरांची यादी लहानच. गावात राहण्याची ती किंमत असेल. पण त्या बदल्यात त्यांना काय मिळालं? १९७८ मध्ये ते विधान परिषदेवर गेले, तेव्हा सभागृहात शेतीबद्दल आणि पाण्याबद्दल बोलताना ते दुसऱ्याचं दुःख सांगत नव्हते. 'शेती, आत्मनाश व संजीवन' हे पुस्तक गीतकाराचं आहे हे सांगितलं तर कुणाला पटेल का? पण ज्या शेतातून गाणी आली, त्याच शेतातून हे पुस्तकही आलं.

३ ऑगस्ट २०२३ ला महानोर पुण्यात गेले. मंडळी, आपण बहुतेक जण गाव सोडून आलेलो. सोडलं म्हणूनच पोरं शिकली, हेही खरंच. पाऊस लागला की आपल्याला त्यांची गाणी आठवतात. गावाकडच्या चुलतभावाला मात्र आधी पेरणी आठवते. महानोरांना दोन्ही एकदम आठवत असणार. आपल्यापैकी कितीजणांचं तसं होतं?