मोबाइल मनोरे : भाडेकरूंच्या भरवशावरचा व्यवसाय

जानेवारी २०१० मध्ये नवी मुंबईच्या जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीने एअरसेलचे १७ हजार ५०० मनोरे सुमारे ८ हजार ४०० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. तमिळनाडूत १९९९ मध्ये सेवा सुरू करणारी एअरसेल तेव्हा देशभर विस्तारत होती. हे मनोरे ‘चेन्नई नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर’ या कंपनीकडे सोपवण्यात आले. आठ वर्षांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, एअरसेलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मनोरा कंपन्यांमध्ये पैसे गुंतवू इच्छिणाऱ्यांनी अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

व्यवसायाचे स्वरूप

मनोरा कंपनी दूरध्वनी सेवा देत नाही. जागा, लोखंडी सांगाडा, बॅटऱ्या, डिझेल जनित्र आणि देखभाल ही तिची जबाबदारी असते. अँटेना व रेडिओ उपकरणे सेवा कंपनीची असतात आणि ती मनोऱ्यावर बसवण्यासाठी सेवा कंपनी दरमहा भाडे देते. हे करार दीर्घ मुदतीचे असतात.

नफ्याचे गणित भाडेकरूंच्या संख्येवर ठरते. समजा, एका मनोऱ्याचा मासिक खर्च २५ हजार रुपये आहे आणि एका भाडेकरूकडून तेवढेच भाडे मिळते. अशा वेळी हाती काहीच उरत नाही. दुसरा भाडेकरू आला की खर्च थोडाच वाढतो, पण उत्पन्न जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच एका मनोऱ्यामागे सरासरी किती भाडेकरू आहेत, हा या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा आकडा मानला जातो.

गणित का फसले?

२०१० मध्ये देशात डझनभर सेवा कंपन्या होत्या. त्यामुळे भाडेकरू वाढतच जातील, या अपेक्षेवर मोठी कर्जे काढली गेली. जून २०११ मध्ये जीटीएल समूहाचे शेअर एकाच दिवसात कोसळले आणि त्याच वर्षी कर्जाची पुनर्रचना करावी लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जी स्पेक्ट्रमचे १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर दरयुद्ध भडकले. काही कंपन्या बंद पडल्या, तर काही विलीन झाल्या. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र आल्यावर, जेथे दोन भाडेकरू होते तेथे अनेक ठिकाणी एकच उरला.

करारात भाडेकरूने ठरावीक मुदतीआधी न जाण्याची अट असते. मात्र भाडेकरूच दिवाळखोरीत निघाला, तर ती अट फारशी उपयोगी पडत नाही. मनोरा कंपनीची थकबाकी बँकांच्या तारण कर्जाच्या मागे राहते.

अन्य जोखमी

डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०१६ च्या ‘वरदा’ चक्रीवादळात चेन्नईतील मोबाइल सेवा विस्कळीत झाली. वीजपुरवठा खंडित झाला की मनोरे बॅटरी व डिझेलवर चालतात; रस्ते पाण्याखाली गेले तर डिझेलही पोहोचत नाही. डिसेंबर २०१६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मनोऱ्यांवर मालमत्ता कर आकारता येतो असा निर्णय दिला. या खटल्यात जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर पक्षकार होती.

मोठ्या कंपन्याही या जोखमींपासून मुक्त नाहीत. भारती इन्फ्राटेलने डिसेंबर २०१२ मध्ये प्राथमिक भागविक्री केली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इंडस टॉवर्सबरोबर तिचे विलीनीकरण झाले. एका बड्या ग्राहकाकडील थकबाकीसाठी तरतूद करावी लागल्याने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२ या तिमाहीत इंडसला ७०८ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला. थकबाकी वसूल होऊ लागल्यावर पुढे स्थिती सुधारली.

गुंतवणुकीपूर्वी काय तपासावे?

मनोऱ्यांची एकूण संख्या पाहून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. दर मनोऱ्यामागील भाडेकरू, सर्वांत मोठ्या ग्राहकाचा उत्पन्नातील वाटा, येणे रकमेचा कालावधी, कर्जाचा बोजा आणि करारांची उरलेली मुदत या बाबी वार्षिक अहवालात तपासून पाहाव्यात. शेअर काही रुपयांना मिळतो म्हणून तो स्वस्त ठरत नाही. कर्जदारांचे देणे फिटल्यावर भागधारकांसाठी काय उरेल, हा प्रश्न आधी विचारणे हिताचे आहे.