राणीचा पहिला हुकूम

अ‍ॅनिमे म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोकांच्या डोळ्यांसमोर मोठ्ठे डोळे आणि रंगीत केस येतात. त्यात चूक काही नाही, या मालिकेतही नायिकेचे केस भडक लाल आहेत. पण 'बारा राज्यं' (मूळ नाव 'जूनी कोक्की') बघायला घेतली तेव्हा पहिले दहा-बारा भाग राक्षस आणि तलवारी झाल्यावर गोष्ट हळूच एका दरबारात शिरली आणि मी रविवारची दुपार, संध्याकाळ आणि बरीचशी रात्र तिथेच अडकलो. सोमवारी ऑफिसात डोळे लाल. केस नव्हे, डोळे :)

ओनो फुयुमी या जपानी लेखिकेच्या कादंबऱ्यांवरची ही मालिका. कादंबऱ्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यायला लागल्या, मालिका एनएचकेवर २००२ ते २००३ मध्ये दाखवली गेली, एकूण ४५ भाग. लेखिकेने याच जगातली चार खंडांची नवी कादंबरी २०१९ मध्ये काढली, म्हणजे प्रकरण अजून जिवंत आहे. यातलं राजकारण जसजसं कळत गेलं तसतसं मी चीनचा इतिहास उघडून बसायला लागलो. कारण यातलं बरंचसं 'काल्पनिक' नाहीच आहे.

(पुढे कथानक फुटणार आहे. ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं, नंतर बोंब मारू नये.)

थोडक्यात गोष्ट. बारा राज्यं, प्रत्येकाला एक राजा आणि एक किरिन. किरिन हा दैवी प्राणी, कधी माणसाच्या रूपात, कधी शिंग असलेल्या हरणासारखा. राजा कोण ते किरिन ठरवतो, म्हणजे स्वर्गाची इच्छा त्याला कळते आणि तो योग्य माणसापुढे गुडघे टेकतो. दुसऱ्या कोणापुढे त्याला टेकताच येत नाहीत. राजा झालेला माणूस म्हातारा होत नाही. पण तो वाट चुकला की आधी किरिन आजारी पडतो, मग मरतो, आणि पाठोपाठ राजाही जातो. सिंहासन रिकामं राहिलं की देशात पूर येतात, राक्षस सुटतात.

जपानमधली साधी शाळकरी मुलगी योको. तिच्यापुढे केइकी नावाचा किरिन येऊन गुडघे टेकतो आणि ती 'केइ' नावाच्या राज्याची राणी होते. खरी गंमत राणी झाल्यावर आहे.

*

चीनमध्ये झोऊ घराण्याने शांग घराण्याला इ.स.पूर्व १०४६ च्या सुमारास हरवलं. आता राजाला मारून गादीवर बसलेल्या माणसाला समर्थन तर द्यावं लागतं. झोऊंनी दिलेलं समर्थन पुढे तीन हजार वर्षं टिकलं : राज्य करण्याचा अधिकार स्वर्ग देतो, आणि राजा नालायक निघाला तर स्वर्ग तो काढूनही घेतो. पूर, दुष्काळ, भूकंप ही त्याची लक्षणं. मालिकेतला पूर आणि राक्षस इथून आलेत. किरिन म्हणजे चिनी 'चीलिन', सज्जन राजाच्या काळात दिसणारा शुभ प्राणी. कन्फ्यूशियसशी जोडलेला 'वसंत आणि शरद' हा इतिवृत्तांत ज्या नोंदीपाशी येऊन थांबतो ती इ.स.पूर्व ४८१ ची नोंद चीलिन पकडला गेल्याचीच आहे. चुकीच्या काळात आला बिचारा, असं म्हणून कन्फ्यूशियस रडला अशी कथा आहे.

दरबाराची रचना तर थेट उचललेली आहे. मालिकेत सहा खाती आहेत : स्वर्ग, पृथ्वी, वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत. मला आधी वाटलं लेखिकेची कविकल्पना. नाही! 'झोऊ ली' म्हणजे 'झोऊंचे आचार' या प्राचीन ग्रंथात अगदी हीच सहा खाती आहेत. स्वर्ग खात्याचा मुख्य तो सगळ्यांचा वरिष्ठ, म्हणजे पंतप्रधानच म्हणा. वसंताकडे धर्मकार्य, ग्रीष्माकडे सैन्य, शरदाकडे न्याय (पानगळ आणि शिक्षा एकाच ऋतूत, काय डोकं आहे!). हेमंताचा भाग मूळ ग्रंथातून हरवलाच, तिथे नंतर कारागिरीवरचं दुसरंच पुस्तक जोडून दिलं गेलं.

या ग्रंथाने बऱ्याच लोकांना वेड लावलं. वांग मांगने इ.स. ९ मध्ये गादी बळकावली आणि पुस्तकात बघून राज्य चालवायचा प्रयत्न केला, पदांची नावं बदलली, नाणी बदलली. इ.स. २३ मध्ये बंडखोरांनी त्याला त्याच्याच महालात मारलं. आणि ६८४ मध्ये एका बाईने दरबारातल्या सहा खात्यांना पुन्हा स्वर्ग, पृथ्वी आणि चार ऋतूंची नावं दिली. तिचं नाव वू झेतियान. पुढे ६९० मध्ये ती स्वतः सम्राट झाली आणि घराण्याला नाव दिलं 'झोऊ'. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राट झालेली ही एकमेव स्त्री. ऋतूंच्या नावाची खाती आणि गादीवर बाई, हे मालिकेत एकत्र आलेलं बघितलं की मला ती आठवतेच. तिच्याकडे परत येऊच.

*

योकोच्या आधीची राणी जोकाकु. श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, लाजाळू, भित्री. राजकारणात तिला रस नव्हता आणि मंत्री तिला जुमानत नव्हते. ती दरबार सोडून आतल्या महालात जाऊन बसली. आणि मग केइकीच्या प्रेमात पडली. केइकी मुळात रुक्ष, पण किरिन दयाळू असतो, त्याने जरा गोड बोलून बघितलं आणि घोटाळा झाला. त्याच्या आसपास कोणी बाई दिसली की तिचा जळफळाट, शेवटी तिने देशातल्या सगळ्या बायकांना हद्दपार केलं. केइकी आजारी पडला. मग मात्र तिने त्याला वाचवण्यासाठी राज्यत्याग केला, आणि त्या जगात राज्यत्याग म्हणजे मरण.

हे वाचताना खलनायिका वाटते, बघताना तशी वाटत नाही. महालात कोंडून घेणारा राजा हा काही बायकी हळवेपणाचा प्रकार नाही. मिंग घराण्याचा वानली सम्राट बघा. १५७२ मध्ये नऊ-दहा वर्षांचा असताना गादीवर आला. त्याला आपल्या लाडक्या झेंग नावाच्या उपपत्नीचा मुलगा वारस करायचा होता, मंत्री म्हणत होते थोरलाच वारस. वर्षानुवर्षं वाद. शेवटी १६०१ मध्ये थोरल्यालाच वारस करावं लागलं. पण तोवर सम्राट रुसला होता. दरबारात येणं बंद, मंत्र्यांना भेटणं बंद, रिकाम्या झालेल्या जागा भरणंही बंद! १६२० मध्ये तो मेला, १६४४ मध्ये मिंग घराणं बुडालं, आणि खरी बुडायला सुरुवात वानलीपासून झाली असं पुढच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि त्याच्याकडे हत्यार एकच : असहकार.

मालिकेत एक जास्तीची खोच आहे. बड्या अधिकाऱ्यांनाही राजासारखंच वय चढत नाही. म्हणजे राणी सहा वर्षांत संपते आणि तिचा मंत्री तिच्या आधीही होता, नंतरही आहे. केइमध्ये लागोपाठ वाईट राण्या झालेल्या, त्यामुळे योको दरबारात येते तेव्हा मंत्र्यांचा सूर असतो, 'परत बाईच का?'. जुन्या पुरुष राजाची आठवण काढून उसासे टाकायला त्यांच्याकडे खास शब्दसुद्धा आहे. सगळ्यात वरचा मंत्री सेइक्यो. तो नम्र असतो, जमिनीला डोकं टेकून बोलतो. योकोला लिपी धड वाचता येत नाही, प्रांतांची नावं माहीत नाहीत. कागद समोर येतो, ती केइकीकडे बघते, केइकी सुस्कारा सोडतो, आणि ती म्हणते, तुम्हीच बघा. मंत्री मान खाली घालून 'जशी आज्ञा' म्हणतात. मान खाली असल्यामुळे त्यांचा चेहरा तिला कधी दिसतच नाही.

मी पहिल्यांदा टीम लीड झालो तेव्हाचे तीन महिने मला या भागात शब्दशः दिसले. दर सोमवारी सगळं स्टेटस हिरवं. प्रश्न विचारायला जावं तर आपलंच अज्ञान उघडं पडेल ही भीती, म्हणून मी मान डोलवायचो. रिलीजच्या आठवड्यात कळलं की हिरवं काहीच नव्हतं. कोणी खोटं बोललं होतं असंही नाही. मला हवं तेच मला दाखवलं होतं, इतकंच.

*

तर राजाने खरं काय चाललंय ते शोधायचं कसं? वू झेतियानचं उत्तर होतं तांब्याची पेटी. ६८६ मध्ये तिने राजधानीत एक मोठी तांब्याची पेटी बसवली, चार बाजूंना चार फटी. एकीत स्वतःची शिफारस किंवा सूचना, दुसरीत सरकारवर टीका, तिसरीत अन्यायाची तक्रार, चौथीत शकुन आणि गुप्त कटांच्या बातम्या. कल्पना झकास आहे, आजही कुठल्याही ऑफिसात शोभेल. पण भरभराट झाली ती चौथ्या फटीची. चुगली सांगायला येणाऱ्याला सरकारी खर्चाने राजधानीत आणायचे. त्यातून वर आले लाय जुनचेन आणि झोऊ शिंगसारखे छळ करण्यात वाकबगार अधिकारी. प्रसिद्ध गोष्ट आहे : लायने झोऊ शिंगला जेवायला बोलावून विचारलं, कैदी कबूल होत नसेल तर काय करावं? तो म्हणाला, सोपं आहे, मोठा रांजण निखाऱ्यांवर तापवायचा आणि कैद्याला म्हणायचं आत बस. लायने तसाच रांजण मागवला आणि म्हणाला, तुमच्याविरुद्ध चौकशीचा हुकूम आहे, बसा आत. ६९७ मध्ये लायचाही शिरच्छेद झाला. महालात बसून बातमी मागवली की बातमीचाच धंदा होतो.

योको दुसरं करते. राज्य केइकीवर सोपवून ती साध्या वेषात एका खेड्यात जाऊन राहते, एनहो नावाच्या म्हाताऱ्या गुरुजींकडे. वेषांतर करून फिरणारा राजा आपल्याला अकबर-बिरबलापासून माहीत आहे, तिथे राजा फिरतो, न्याय करतो, गोष्ट संपते. इथे तसं होत नाही. एका गावात शोको नावाच्या जुलमी अधिकाऱ्याच्या गाडीखाली एक लहान मुलगा चिरडला जातो, गाडीला आडवा आला एवढाच गुन्हा. योको तिथे असते. मुलगा तिच्यासमोर मरतो. त्या मुलाला घेऊन आलेली सुझु नावाची मुलगी त्याला बरं करण्यासाठी राणीकडेच निघालेली असते. आणि आता तिचा हिशोब साधा आहे : शोकोला कोणी हात लावत नाही, म्हणजे राणी त्याला सामील आहे, म्हणजे राणीला मारलं पाहिजे.

बघताना मी इथे थांबवून चहा करायला उठलो होतो. कारण सुझुचं चूक कुठे आहे? शोकोच्या वर प्रांताचा अधिपती गाहो, गाहोच्या वर राजधानीतला सेइक्यो, अशी साखळी आहे. ती योकोला माहीत नाही. पण शिक्का तिचाच आहे. तिला माहीत नसणं हाच तिचा गुन्हा आहे, आणि ती तो नाकारत नाही.

लोक बंड करतात आणि राणी स्वतःच्याच सरकारविरुद्धच्या बंडात तलवार घेऊन उभी राहते. ते मोडायला राजधानीतून सैन्य येतं, राणीचंच सैन्य, राणीच्या हुकुमाशिवाय! तेव्हा ती केइकीच्या पाठीवर बसून समोर येते आणि सेनापती जागच्या जागी गुडघे टेकतो. साखळी तुटते. खोट्या आरोपाखाली काढून टाकलेला कोकान नावाचा प्रामाणिक प्रांताधिपती मुख्य मंत्री होतो, एनहो राजगुरू, आणि राणीला मारायला निघालेली सुझु तिच्या महालात कामाला येते.

मग येतो राणीचा पहिला हुकूम. त्या जगात नव्या राजाचा पहिला हुकूम महत्त्वाचा मानतात, त्यावरून राजाची दिशा कळते. मला वाटलं कर कमी करेल. ती म्हणते, आजपासून माझ्यापुढे जमिनीला डोकं टेकायचं नाही. समारंभ आणि परदेशी पाहुणे सोडून बाकी वेळी गुडघ्यावर किंवा उभ्याने नमस्कार पुरे.

मंत्री हादरतात. खऱ्या चीनमध्ये ही गोष्ट किती जड होती ते बघा. तांग काळात मुख्य मंत्री सम्राटासमोर बसत, सुंग काळात उभे राहत, मिंग आणि चिंग काळात गुडघ्यांवर आले. सम्राटाची ताकद वाढत गेली तसतशी मंत्र्याची उंची कमी होत गेली म्हणा ना. तीनदा गुडघे आणि नऊदा कपाळ हा चिंग दरबाराचा रिवाज. १७९३ मध्ये इंग्रज वकील मॅकार्टनी यावरून अडून बसला, १८१६ मध्ये अ‍ॅम्हर्स्टला तर सम्राटाची भेट न होताच परत जावं लागलं. हा रिवाज गेला तो १९१२ मध्ये सम्राटच गेल्यावर.

योकोचं कारण समतेचं भाषण नाही, ते मला फार आवडलं. ती म्हणते त्याचा मथितार्थ असा की ज्याला दुसऱ्याला वाकवून स्वतःचं मोठेपण सिद्ध करावं लागतं त्याची तिला गरज नाही, आणि वाकलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते तिला कळत नाही. प्रत्येकाने आधी स्वतःचं राज्य स्वतः करावं. वूच्या पेटीला जे जमलं नाही ते ती समोरच्याची मान वर करून साधायला बघते.

पुरेल का हे? नाही पुरणार. सेइक्योसारखा माणूस उभ्यानेही गोड बोलेल. स्वर्गाने निवडलेली राणीसुद्धा वर्षभर आंधळी होती, तर बाकीच्यांचं काय. पण त्या हुकुमाच्या वेळी दरबारातले सगळे एकेक करून मान वर करतात, आणि त्यांना राणीचा चेहरा आणि राणीला त्यांचे चेहरे बहुतेक पहिल्यांदाच दिसतात.

असो. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो : यातलं मला कुठलं आवडणार नाही? पहिल्यांदा विचारला तेव्हा शांतता पसरली होती. तिसऱ्या आठवड्यात एकाने मान वर केली.