आतड्याच्या दाहात आरोपी कोण?

काही रोगांना नावे मिळाली ती न्यायाने नव्हे, वर्णमालेच्या कृपेने. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली १४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लेखकांची नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने छापली गेली आणि रोग क्रोनचा झाला! वस्तुतः ग्लासगोचे शल्यविशारद डॅलझिएल यांनी १९१३ सालीच असा दाह वर्णिला होता. क्षयजंतूच्या एका भाऊबंदामुळे गुरांच्या आतड्यांना जो रोग जडतो, त्याच्याशी याचे साम्य त्यांना जाणवले होते. जंतू मात्र हाती लागला नाही.

अपराधी जंतू सापडेना, तेव्हा संशय वळला तो घरच्या पहारेकऱ्यांकडे, म्हणजे प्रतिकारपेशींकडे. शरीर स्वतःवरच उलटले आहे, असे मत बळावले. त्याला धक्का दिला तो बेल्जियममधील लूव्हन येथील रुतखेर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९१ साली. रोगट भाग कापून आतडे जोडल्यावर त्यांनी आतड्यातील प्रवाह जोडाच्या अलीकडेच पोटावरील छिद्रातून बाहेर वळविला. सहा महिने जोडाजवळचे लहान आतडे निरोगी राहिले; प्रवाह पूर्ववत सोडताच काही महिन्यांत दाह परतला. रुग्ण अवघे पाच. परंतु मोठमोठ्या चाचण्यांनाही न साधणारे उत्तर कधी कधी असा चिमूटभर प्रयोग देऊन जातो.

१९९३ साली जर्मनीतील कोलोनच्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-१० नसलेले उंदीर घडविले. प्रतिकारपेशींना ‘आता पुरे’ असे सांगणारा हा निरोप्या. तो नाहीसा होताच उंदरांच्या आतड्यांना दाह जडला. पण तसलेच उंदीर जन्मापासून जंतुरहित पिंजऱ्यात वाढविले असता त्यांची आतडी शाबूत राहिली, असे १९९८ साली दिसून आले. एकटा जंतू दोषी नाही, एकटी पेशीही नाही. बिघडतो तो दोघांमधील जुना सलोखा.

२००१ साली पॅरिस आणि अमेरिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले, की जंतूंच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणाऱ्या ‘नॉड-२’ प्रथिनाच्या जनुकात या रुग्णांपैकी अनेकांत दोष असतो. हे रुग्ण युरोपीय वंशाचे होते. जपानी रुग्णांत ते दोष आढळले नाहीत.

आपल्याकडे गुंता आणखी निराळा. आतड्याचा क्षय आणि क्रोनचा विकार दुर्बिणीतून पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि प्रतिकारशक्ती दडपणारे औषध क्षयाला मोकळे रान देते. म्हणून औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी आपल्या वैद्याला डॅलझिएलसारखाच तो जंतू आधी शोधावा लागतो.