शिंकेचा जमाखर्च

माणसाच्या शरीरातून जे नाना प्रकारचे आवाज निघतात, त्यांत मानमरातब फक्त शिंकेच्या वाट्याला आला आहे. खोकणाऱ्याला कोणी आशीर्वाद देत नाही. फार तर ज्येष्ठमधाचा तुकडा देतो. उचकी लागली तर 'कोणीतरी आठवण काढतंय' एवढ्यावर भागते. जांभई दिली तर समोरचा बोलणारा दुखावतो. आणखीही एक आवाज आहे, पण त्या वेळी सगळेच खिडकीबाहेर पाहू लागतात. शिंकेचे तसे नाही. शिंक आली की जर्मन माणूस शेजारच्याला आरोग्य चिंतितो, इंग्रज देवाला मध्ये घालतो, तेलुगू आई पोराला 'चिरंजीव' म्हणते, आणि आमची आजी 'शतायुषी हो' म्हणून वर नाक पुसायला पदरही पुढे करी.

हा पक्षपात ग्रीकांच्याही नजरेत भरला होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या एका प्रश्नोत्तरी ग्रंथात सरळच विचारले आहे, की शिंक तेवढी पवित्र आणि ढेकर किंवा अधोवायू पवित्र का नाहीत? (तत्त्वज्ञ कशाकशावर विचार करतात पाहा. आणि आपल्याला वाटते, ते सदोदित आत्म्याविषयीच बोलत असतील.) उत्तर असे, की शिंक डोक्यातून येते आणि डोके हा देहाचा सर्वांत दैवी भाग. थोडक्यात, शिंक हेड ऑफिसातून सुटते, बाकीचे वारे शाखांमधून. हेड ऑफिसातून काहीही आले तरी त्याला हात जोडायचे, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला अ‍ॅरिस्टॉटलने शिकवायला नको.

आता हा आशीर्वाद द्यायची चाल सुरू कुठून झाली? आमच्या शाखेचे हेड कॅशियर ह्याचे उत्तर नोटांचे बंडल बांधता बांधता देतात. म्हणजे बंडल बांधून होते, उत्तर संपत नाही. ते सांगतात, "अहो, रोममध्ये ५९० साली प्लेग आला. माणूस शिंकला की संपलाच समजा! म्हणून पोप ग्रेगरीनं फर्मान काढलं, कोणी शिंकलं की 'देव भलं करो' म्हणायचं. तिथपासून चालू आहे हे."

गोष्ट झकास आहे. रोममध्ये ५९० साली प्लेग आला होता, हे खरे. आधीचे पोप दुसरे पेलाजियस त्या साथीतच गेले आणि त्यांच्या जागी ग्रेगरी आले, हेही खरे. पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. मला इतिहास कळत नसेल, तारखा कळतात. व्हाउचर ५९० सालचे आणि खतावणीत नोंद त्याच्या पाचशे वर्षे आधीची, असे दिसले तर ऑडिटर चष्मा काढून पुसतो आणि पुन्हा पाहतो.

नोंद आहे ती प्लिनीच्या वहीत. हा रोमन गृहस्थ इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. जाण्यापूर्वी त्याने जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची एक प्रचंड यादी करून ठेवली. तीत तो विचारतो, कोणी शिंकले की आपण त्याचे क्षेम का चिंतितो? टायबेरियस बादशहासारखा घुम्या माणूस, पण गाडीत बसून चाललेला असला तरी हा रिवाज पाळलाच पाहिजे असा त्याचा हट्ट असे. (असे एक साहेब आम्हीही भोगले आहेत. आपल्या 'गुड मॉर्निंग'ला उत्तर नाही. पण स्वतः शिंकले, की सगळ्या खात्यावरून एकदा नजर फिरवायचे.) नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसच्या कादंबरीत तर याहून मजा आहे. एक पोरगा पलंगाखाली लपला आहे, 'तो इथे नाहीच' असे वर छातीठोकपणे सांगणे चालले आहे, आणि नेमक्या त्याला लागोपाठ तीन शिंका येतात. पलंग हलतो. शोधायला आलेला म्हातारा आधी नाव घेऊन त्याचे क्षेम चिंतितो आणि मगच वाकून पाहतो!

म्हणजे ग्रेगरींच्या जन्माआधी कित्येक शतके रोमकर हे करीत होते. मग प्लेगची गोष्ट आली कुठून? तेराव्या शतकात जिनोव्हाच्या एका धर्मगुरूने संतांच्या कथांचा संग्रह केला, त्यात ती सापडते. घटना आणि हा संग्रह यांत पावणेसातशे वर्षांचे अंतर! शिवाय प्लेगची ओळख शिंकेवरून नव्हे, गाठीवरून. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा लोक काखा नि जांघा चाचपत होते, शिंका मोजत नव्हते. हे सारे मी हेड कॅशियरांना सांगितले. ते म्हणाले, "असेल. पण माझी गोष्ट जास्त चांगली आहे." ह्यावर ऑडिटरसुद्धा काय बोलणार?

रोमच्या मागे जावे तर ग्रीस. तिथे शिंक हा चक्क शुभशकुन. इ. स. पू. ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी मुलखात अडकले. सेनापती दगाफटक्याने मारले गेलेले. झेनोफन उठून बोलू लागला, 'आपण यातून सुटू शकतो', आणि तेवढ्यात कोणी एक शिंकला. साऱ्या सैन्याने एकदम देवाला नमस्कार केला आणि मंडळी उभारी धरून घराकडे निघाली. आपली माणसे असती तर? 'माशी शिंकली! पाच मिनिटं बसा, पाणी प्या, मग निघा.' दहा हजार माणसे खाली बसली असती आणि इराण्यांनी येऊन त्यांना तसेच उचलले असते.

पण आशीर्वादाच्या बाबतीत आपणही मागे नाही. पाली जातकांमध्ये गग्ग-जातक आहे. काशी देशातले बापलेक रात्री उशिरा वाराणसीला पोचतात. जागा मिळत नाही, म्हणून वेशीबाहेरच्या एका झपाटलेल्या धर्मशाळेत उतरतात. तिथल्या यक्षाने बारा वर्षे कुबेराची चाकरी करून एक परवाना मिळवलेला असतो. इथे कोणी शिंकले, की 'जीव' म्हणणारा आणि त्याला उलट 'तूही जीव' म्हणणारा, एवढे दोघे सोडून बाकीच्यांना खुशाल खा! यक्ष तुळईवरून बारीक धूळ सोडतो, बाप शिंकतो, पोराला वेळेवर सुचते आणि तो म्हणतो, 'बाबा, शंभर काय, एकशेवीस वर्षे जगा.' बापही तसेच उत्तर देतो. यक्ष उपाशी. पुढे पोराच्या उपदेशाने तो सुधारतो आणि राजा त्याला बली गोळा करायच्या कामावर नेमतो. बली म्हणजे नैवेद्यही आणि करही. इंग्रजी भाषांतरकाराने 'कर' घेतला आहे, आणि मार्च महिन्यात मलाही तोच अर्थ पटतो.

ही कथा सांगायला निमित्त घडले होते. भगवान बुद्ध प्रवचन करीत असता शिंकले. भिक्षूंनी 'जगा, भगवान, जगा' असा गलका केला आणि प्रवचन तुटले. बुद्धांनी विचारले, "कोणी 'जगा' म्हटल्यानं माणूस जगतो का? की न म्हटल्यानं मरतो?" नाही. तर मग म्हणू नका. परिपत्रक निघाले. पण गावातले लोक शिंकणाऱ्या भिक्षूला 'जगा महाराज' म्हणत, आणि भिक्षू नियमाप्रमाणे गप्प. लोक कुरकुरू लागले, हे कसले साधू, साधे उत्तर देत नाहीत! तेव्हा बुद्धांनी दुरुस्ती केली. गृहस्थांना शुभ बोलणे आवडते. ते 'जगा' म्हणाले तर 'चिरकाल जगा' असे म्हणायला हरकत नाही. ज्यांनी यज्ञ नाकारला, जात नाकारली, त्यांनी शिंकेपुढे दोन पावले मागे घेतली. ह्या सबंध इतिहासात मला सर्वांत आवडणारी नोंद ही.

'तूही जग' हा उलट टपाली भाग फार महत्त्वाचा. तुर्कस्तानात आजही शिंकणाऱ्याला 'खूप जग' म्हणतात, आणि तो 'ते पाहायला तूही अस' असे उत्तर देतो. डेबिट तिथे क्रेडिट. बाकी सुरुवातीची शिल्लक कोणाच्याच वहीत नाही. होमरच्या काव्यातसुद्धा पोरगा घर दणाणून शिंकतो आणि आई हसून शकुन मानते, म्हणजे तिथेही खाते आधीपासून चालूच.

हे खाते गोठले ते २०२० साली. बँका चालू होत्या. बाहेर चुन्याचे चौकोन आखलेले, त्यांत ग्राहक उभे, काउंटरला प्लॅस्टिकचा पडदा. अशात एक पेन्शनर गृहस्थ मास्कच्या आत शिंकले. पुढचे दोन चौकोन नि मागचे तीन चौकोन क्षणात रिकामे. वॉचमन दाराबाहेर. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिले. कोणी काही बोलेना, तेव्हा स्वतःच हळूच 'श्रीराम, श्रीराम' म्हणाले, आणि जणू चोरी केल्यासारखे पासबुकाकडे पाहत राहिले.

पडद्याआडून हेड कॅशियर ओरडले, "काका, शंभर वर्षं जगा!"

काकांनी मान वर केली. म्हणाले, "तुम्हीही जगा हो. नाहीतर माझी पेन्शन कोण देणार?"