शेजाऱ्याचे दार

* 'कुलूपवाल्या पत्त्यावर गेलो, तर तिसऱ्याच संस्थेचे पान उघडले.' लेखकाने याला हॅकिंग म्हटले आहे. बहुधा तसे काही नव्हते. सामायिक सर्व्हरवर एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदतात. साध्या एचटीटीपी विनंतीत हव्या त्या स्थळाचे नाव 'होस्ट' या ओळीत येते. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे कुलूपवाल्या पत्त्यावर, ती ओळ कूटबद्ध असते आणि सर्व्हरला प्रमाणपत्र त्याआधीच दाखवावे लागते. पाकीट फोडल्याशिवाय नाव कळत नाही, नाव कळल्याशिवाय पाकीट फोडता येत नाही, असा हा पेच. २००३ मध्ये 'एसएनआय'ने तो कागदोपत्री सोडवला : ब्राउझर पहिल्याच निरोपात नाव उघडपणे सांगतो. अपाची या सर्व्हर-प्रणालीत ही सोय यायला २००९ उजाडले. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला तर ती कधीच जमली नाही.

पण त्या नावाचे प्रमाणपत्रच नसेल तर? अपाची ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरचे, मांडणीतले पहिले स्थळ पुढे करतो. नाव जुळत नाही म्हणून ब्राउझर इशारा देतो. तो डावलला की थेट शेजाऱ्याच्या ओटीवर. (लेखकाने तो डावलला असावा.) 'साध्या पत्त्याकडे वळवून द्या' हा नेहमीचा सल्ला इथे लंगडा पडतो, कारण वळवण्याचा निरोपही प्रमाणपत्र पटल्यावरच पोचतो. त्यापेक्षा एंजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालीत २०२० साली आलेली, जोडणीच नाकारण्याची सोय अधिक प्रामाणिक. २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' प्रमाणपत्रे फुकट देते. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा आहे. – संपा.