एका समुद्रकथेची साक्ष

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही कालप्रवासाची दूरचित्रवाणी मालिका १९६३ साली सुरू झाली व १९८९ मध्ये थांबली. पुढे १९९९ पासून 'बिग फिनिश' या संस्थेने तिची ध्वनिनाट्ये काढली. त्यांपैकी जॅकलिन रेनर यांचे 'डॉक्टर हू अँड द पायरेट्स' (२००३) इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य ऐकावे.

डॉक्टरची सहप्रवासिनी एव्हलिन स्माइथ ही इतिहासाची प्राध्यापिका. गलबत, चाचे, समुद्र हे सारे ती आपल्या सॅली नावाच्या विद्यार्थिनीस सांगते. दृश्य नसल्यामुळे श्रोत्यास तिच्या शब्दावाचून अन्य पुरावा नाही. आणि तो शब्द भरवशाचा नव्हे! ती हकिकत रंगवते, सॅली मध्येच शंका काढते. तिसरा भाग तर गिल्बर्ट व सलिव्हन यांच्या संगीतिकांच्या धर्तीवर गाण्यांनी भरलेला आहे. त्यांची चाच्यांवरील संगीतिका १८७९ सालची.

ही थट्टा म्हणजे केवळ करमणूक समजणे चुकीचे ठरेल. गलबतावरील जेम हा पोऱ्या चाच्यांच्या हातून मरण पावला, आणि कालयान असूनही एव्हलिनला त्यास वाचविता आले नाही. तेवढे सांगण्याचे तिला धैर्य होत नाही, म्हणून ती विनोदाचा आडपडदा घेते. अखेर ते सांगावेच लागते, कारण समोर बसलेली सॅली जीवनास विटली आहे व तिला वाचविण्यासाठीच एव्हलिन तिच्या दारी आली आहे.